पाच चित्रं, अडीच मिनिटं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पंधरा ऑगस्टला किंवा सव्वीस जानेवारीला कुठल्याही शाळेच्या पटांगणावर उभं राहा, एक प्रकार हमखास बघायला मिळतो. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथपर्यंत मूल धावत येतं. पुढची दोन-तीन वाक्यंही बरी जातात. मग एक शब्द हरवतो. मूल आभाळाकडं बघतं, ओठ हलवतं आणि पुन्हा ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात करतं. पालक कौतुकानं टाळ्या वाजवतात आणि मूल घामाघूम होऊन खाली उतरतं.

हेच मूल मधल्या सुट्टीत ऐकावं. काल रात्री गाय कशी अडली, डॉक्टर कसे आले, वासराचे पाय आधी कसे दिसले, हे सगळं हातवारे करत दहा मिनिटं सांगतं. कुठं अडखळत नाही. म्हणजे मुलाला बोलता येत नाही असं नाही. पटांगणावर त्याच्या तोंडी जे शब्द असतात ते काकांनी किंवा गुरुजींनी लिहून दिलेले असतात, आणि उसने शब्द ऐनवेळी साथ सोडतात. आपल्या शाळांतून वर्षानुवर्षं वक्तृत्वाच्या नावाखाली हे पाठांतर चालतं. बक्षीसही ज्याचं पाठांतर चोख त्यालाच मिळतं. गाईचं सांगणाऱ्याला कुणी बक्षीस देत नाही.

यावर एक उपाय गावातच सापडतो, तो म्हणजे लोकांनी लोकांसमोर आपलं काम मांडायची संध्याकाळ. तिथं शिक्षकानं का जावं आणि तिथून वर्गात काय आणावं, याविषयी आज थोडं बोलू.

अशा संध्याकाळीचा एक प्रकार जपानमधून जगभर गेला. ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डिथम हे दोन वास्तुरचनाकार टोकियोत काम करायचे. २००३ च्या फेब्रुवारीत त्यांनी तरुण कलावंतांसाठी आणि रचनाकारांसाठी एक मेळावा भरवला. वास्तुरचनाकारांच्या हाती ध्वनिक्षेपक आला की ते सोडत नाहीत, हे दोघांना अनुभवानं ठाऊक होतं. (हा गुण त्या एकाच व्यवसायात आहे असं नाही, हे सांगलीकरांना सांगायला नको.) म्हणून त्यांनी नियम केला: प्रत्येकानं वीसच चित्रं दाखवायची, प्रत्येक चित्र वीस सेकंद पडद्यावर राहील आणि आपोआप पुढं सरकेल. सगळं मिळून सहा मिनिटं चाळीस सेकंद. या प्रकाराला त्यांनी ‘पेचाकुचा’ नाव दिलं. जपानी भाषेत त्याचा अर्थ गप्पाटप्पा, कुजबुज असा काहीसा होतो. पुढं हजाराहून अधिक शहरांत अशा रात्री भरल्या.

आपल्याला यात नवं काय? चित्र दाखवत गोष्ट सांगणं तर आपल्याकडं जुनंच आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात. एकेका कथेच्या चित्रांचा एकेक संच, त्याला ते पोथी म्हणतात. एक चित्र उभं करायचं, त्यावरची कथा गात-बोलत सांगायची, मग पुढचं. त्याच घराण्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. ‘शांबरिक खरोलिका’ हे त्या खेळाचं नाव.

आणि सांगलीचं तर काय सांगावं! १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ केलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या नाटकांतली एक गोष्ट शिक्षकांनी खास लक्षात घेण्यासारखी आहे. सूत्रधार पदं गायचा, कथेचा धागा त्याच्या हाती असायचा, आणि पात्रं आपापली भाषणं त्या प्रसंगाला धरून स्वतःच्या शब्दांत करायची. संवाद लिहून पाठ केलेले नसायचे. म्हणजे मराठी रंगभूमीची सुरुवात ज्या गावात झाली तिथं मुळात नटालाही शब्द पाठ करायला लावत नव्हते. आपण मात्र चौथीच्या पोराला लावतो.

गेल्या उन्हाळ्यात तासगाव भागातल्या एका गावात अशा एका संध्याकाळी मी हजर होतो. पुण्यात नोकरीला असलेल्या गावातल्या चार-पाच पोरांनी तो कार्यक्रम ठरवला होता. देवळापुढचं पटांगण, एक पांढरी चादर, कुणाचा तरी प्रोजेक्टर. नियम सोपा: दहा फोटो, पाच मिनिटं, आपल्या कामाबद्दलच बोलायचं. आणखी एक नियम त्यांनी शहाणपणानं केला होता, सत्कार नाही. शाल-श्रीफळाला अर्धा तास आणि प्रमुख पाहुण्यांच्या मनोगताला पाऊण तास गेला की लोक उठतात, हे त्यांनी पुष्कळ वेळा बघितलं होतं. सरपंच पहिल्या रांगेत सतरंजीवर बसले, इतकंच.

पहिला बोलला तो एक बेदाणा करणारा शेतकरी. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळं आतलं पाणी सहजी बाहेर पडत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढायचे, मग शेडमध्ये जाळ्यांवर पसरायचे. पंधरा-अठरा दिवस वारा खात पडले की बेदाणा होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. तो म्हणाला, ‘तीन किलो वारा घेऊन जातो, आणि ऐन वेळी पाऊस आला तर उरलेला एक किलोही जातो.’ लोक हसले, पण ज्यांच्या शेडवर मागं पाऊस पडला होता ते हसले नाहीत.

नंतर एका आजींनी गोधडीतले टाके दाखवले. त्यांनी फोटो आणलेच नव्हते, गोधडीच आणली होती. सांगलीच्या बाजारात हमाली करून थकलेले एक वृद्ध, लेकीकडं आले होते, ते हरिपूरच्या पेवांबद्दल बोलले. पेव म्हणजे जमिनीखालचं हळद साठवायचं कोठार. तोंड लहान, आत मोठा घेर, खोली दोन-अडीच पुरुष. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आधी तोंड काही वेळ उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीनं आत सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं, जळत राहिला तरच माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली, हेही त्यांनी सांगितलं आणि पुढचा फोटो न दाखवता थोडा वेळ नुसते उभे राहिले. पाच मिनिटं केव्हाच संपली होती. कुणी घंटा वाजवली नाही.

शेवटी गावचा वायरमन. तो बोलायला तयार नव्हता, ‘मला काय येतंय’ म्हणत होता. पण डीपी का जळते यावर सुरू झाला आणि थांबेना. बोलून झाल्यावर पुढं बसलेल्या पोरांतून एक चौथीतली मुलगी उठली आणि तिनं विचारलं, ‘काका, तुम्ही खांबावर चढता तेव्हा लाईट कोण बंद करतं? आणि तुम्ही वर असताना त्यानं चालू केली तर?’

पटांगण एकदम शांत झालं. खांबावर गेलेली माणसं कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत होती. मग वायरमननं सगळं सांगितलं. सबस्टेशनला कळवून परमिट कसं घ्यायचं, तिथला ऑपरेटर फीडर कसा बंद करतो, परमिट परत केल्याशिवाय त्यानं चालू करायचं नाही असा नियम कसा आहे. तरीही काम सुरू करण्याआधी अर्थिंगचा रॉड तारेला का लावायचा, हेही सांगितलं. ‘माणसावर विश्वास ठेवायचा, पण रॉड लावायचाच,’ असं तो म्हणाला.

शिक्षक म्हणून मी तिथून काय घेऊन आलो, तर हा प्रश्न. माहिती पुस्तकातही असते, विजेचं मंडल विज्ञानाच्या पाठात आहेच. पण ‘त्यानं चालू केली तर?’ हा प्रश्न पाठाखालच्या स्वाध्यायात नसतो, कारण तो विचारायला समोर खरा माणूस लागतो. पुढच्या महिन्यात शाळा उघडल्यावर तो वायरमन आमच्या वर्गात आला. रबरी हातमोजे आणि रॉड घेऊन आला. मोजे मुलांनी घालून बघितले, कोपरापर्यंत आले. त्या दिवशी मी मंडल शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी शिकवलं, आणि पंधरा मिनिटांत झालं.

गावासमोर शिक्षण मांडायची ही कल्पना आपल्या भागात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली होती. नव्या पिढीच्या शिक्षकांना ती फारशी ठाऊक नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायचं, आणि ते एकेका माणसाला न शिकवता अख्ख्या गावाला. सुरुवातीला गावानं एकत्र येऊन ग्रामदेवतेसमोर शपथ घ्यायची. प्राथमिक शिक्षक आणि गावातली शिकलेली माणसं, पोरंसोरंसुद्धा, रात्रीचे वर्ग चालवायची. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. बायाबापड्यांनी जे कमावलं ते गावासमोर, देवासमोर आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर जाहीर व्हायचं. साताऱ्यात जमलं म्हणून साठच्या दशकात ही मोहीम राज्यभर नेली, आणि १९७२ साली तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

ही मोहीम चालली कशामुळं? पैसा फारसा नव्हता. माझ्या मते त्या समारंभानं बरंच काम केलं. परीक्षा शाळेच्या खोलीत झाली असती तर चाळिशीतला माणूस आलाच नसता, पण गावाचा कार्यक्रम म्हटल्यावर मागं राहायची लाज आणि पुढं यायची हौस दोन्ही कामाला आल्या. त्याचबरोबर तिचं दुखणंही तिथंच होतं. समारंभ झाला, गुलाल उधळला, आणि पुढं वाचायला पुस्तकं, वाचनालयं जिथं पुरेशी पोचली नाहीत तिथं लोक शिकलेलं विसरत गेले. साक्षर झालेली माणसं काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर आली, ही टीका त्या मोहिमेवर अभ्यासकांनी केलीच आहे. तेव्हा संध्याकाळ झकास झाली एवढ्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात काय होतं ते बघावं.

आता वर्गातलं. दहा चित्रं मुलांना जास्त होतात, आम्ही पाच घेतो. प्रोजेक्टर लागत नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पानांची मागची कोरी बाजू, खडू नाहीतर रंगीत पेन्सिली. एका चित्राला अर्धा मिनिट, म्हणजे अडीच मिनिटं. चित्र मुलानंच काढायचं, घरच्यांनी हात लावायचा नाही. (लावतात. प्रमाणात काढलेला ट्रॅक्टर दिसला की ओळखावं.) विषय एकच: तू किंवा तुझ्या घरातलं कुणी रोज काय करतं ते सांग. ‘सन्माननीय व्यासपीठ’ म्हणायला बंदी. सरळ पहिलं चित्र दाखवायचं आणि बोलायचं. कागदावर वाक्यं लिहून आणायची नाहीत. चित्र हीच आठवण. मूल अडलं तर चित्राकडं बघतं, आभाळाकडं बघत नाही, एवढा एक फरक पडला तरी पुष्कळ. आणि क्रमांक काढायचे नाहीत. पहिला, दुसरा, तिसरा आला की पुढच्या वेळी काका लिहून देतात.

एका मुलाचं बोलणं झालं की वर्गानं तीन प्रश्न विचारायचे. खरा पाठ इथं होतो. बेदाण्याचं सांगणाऱ्या मुलीला कुणीतरी विचारतं, ‘शंभर किलोचे किती?’ आणि भागाकार आपसूक होतो. ‘पाणी गेलं कुठं?’ विचारलं की बाष्पीभवन. कंदील का विझायचा, यासाठी आम्ही पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घातला. भाषेच्या तासाला नवे शब्द मिळतात, आणि ते आपल्याच गावचे असतात. तालुक्याच्या एका टोकाचा शब्द दुसऱ्या टोकाला चालत नाही, यावरून आमच्याकडं एकदा छान भांडण झालं.

आमच्या वर्गात कारखान्याच्या हंगामात दोन-तीन मुलं बाहेरची असतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर. हजेरीपटावर ती शेवटी असतात आणि बसतातही शेवटी. वाचनात मागं पडलेली असतात, कारण अर्धं वर्ष एका शाळेत आणि अर्धं दुसऱ्या किंवा कुठल्याच नाही. आपण त्यांना ‘हंगामी’ म्हणतो, द्राक्षासारखं. त्यांतल्या एका मुलानं पाच चित्रं काढली. पहिल्यात ट्रकवर लादलेला संसार, त्यात कोंबड्या. दुसऱ्यात उसाच्या पाचटाची कोपी. तिसऱ्यात कोयता. तो म्हणाला, ‘आमचा एक कोयता आहे.’ वर्गाला वाटलं, घरात एकच कोयता. मग त्यानं सांगितलं की टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. चौथ्यात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी आई. पाचव्यात वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, जनावरांना आणि विकायला.

बागायतदाराच्या घरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘आमच्या फडात तुम्हीच होता का?’ हा म्हणाला, ‘विहिरीजवळच्या?’ दोघांनी मिळून फड कुठला ते ठरवलं. एका गाडीत किती मोळ्या बसतात, एक मोळी अंदाजे किती किलोची, मग गाडी किती टनांची, हे गणित त्या मुलानं तोंडी केलं. फळ्यावरचा गुणाकार त्याला येत नव्हता. आता येतो असा दावा मी करणार नाही, पण तो चूक आला की कळतं, कारण गाडीत इतक्या मोळ्या बसणारच नाहीत हे त्याला ठाऊक असतं.

इथं फार जपावं लागतं. अशा मुलांना बोलतं करताना त्यांच्या गरिबीचं प्रदर्शन मांडलं जायला वेळ लागत नाही. पाहुण्यांनी हळहळावं, कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर फिरवावा, मुलानं खाली बघावं. म्हणून काय सांगायचं हे मुलानंच ठरवायचं. शिक्षकानं सुचवायचं नाही. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा आकडा कुणी विचारला तर शिक्षकानं तिथं मध्ये पडावं. आणि त्या वेळी वर्गात मोबाईल बाहेर काढू नये, अधिकारी आले असले तरी.

घराघरांत असलेलं असं ज्ञान वर्गात आणायचा प्रयत्न इतरत्रही झालेला आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन शहरात लुईस मोल आणि त्यांचे सहकारी यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी पाठवलं. पालकांना उपदेश करायला नाही, शिकायला. १९९२ साली त्यांनी यावर लिहिलं. एक मुलगा शेजारीपाजारी मेक्सिकोतली मिठाई विकतो हे शिक्षिकेला अशाच भेटीत कळलं आणि वर्गात मिठाई हाच अभ्यासाचा विषय झाला. आपल्याकडंही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांबरोबर घालवायची कल्पना मांडली आहे. कल्पना चांगली आहे. फक्त हे जाणकार कोण, हे शाळेला कुठं कळणार? त्यासाठी गावातली अशी एक संध्याकाळ पुरते. कोण किती छान सांगतो ते तिथं बसल्या बसल्या समजतं. ज्यांना सांगता येत नाही पण हातात कसब आहे, तेही समजतं. त्या आजींसारख्या माणसांना फोटो आणायला सांगू नये, वस्तू आणू द्यावी.

शिक्षकांना माझं सांगणं एवढंच की तिथं जाताना सूत्रसंचालनाचं आमंत्रण घेऊ नये, मागं बसावं आणि पोरं काय विचारतात ते वहीत लिहून घ्यावं. त्या रात्री तासगावकडच्या गावात पोरांनी विचारलेले प्रश्न माझ्या वहीत आहेत. दिवाळीपर्यंत त्यातले सात वापरून झाले. बाकीचे राहिलेत. त्यातला एक पेवाबद्दलचा, एका सातवीतल्या मुलानं विचारलेला: हळद व्यापाऱ्यानं विकत घेतलेली, पण पेवातच पडून, आणि पूर आला, तर नुकसान कुणाचं, विकणाऱ्याचं, घेणाऱ्याचं की पेववाल्याचं? त्या वृद्ध हमालांनी उत्तर दिलं नाही, ‘त्ये व्यापाऱ्यास्नी इचारा’ म्हणाले. मार्केट यार्डातल्या एका जुन्या दलालांना वर्गात येऊन यावर बोलायला आम्ही विचारलंय. ते म्हणतात, हळदीचा हंगाम उरकू द्या, मग येतो.